पर्यावरणाचे शिक्षण : सुरुवात अंगणापासून

(द्वितीय वर्ष, कला)

'पर्यावरण' हा शब्द आज ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. वर्तमानपत्रांत आहे, पुढाऱ्यांच्या भाषणांत आहे आणि आपल्या प्रश्नपत्रिकेतही आहे. १९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रसंघाची मानवी पर्यावरण परिषद भरली. तिच्या स्मरणार्थ ५ जून हा दिवस जगभर पर्यावरण दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत आली. वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे आणि सजीवांविषयी करुणा बाळगणे हे त्यांपैकी एक. पुढे २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर शिकवला जावा असे बजावले. आपण सर्वांनी तिसरीत 'परिसर अभ्यास' शिकला आणि पदवीच्या वर्गातही पर्यावरणाचा पेपर आपल्याला चुकलेला नाही.

म्हणजे ज्ञान देण्यात कसूर झालेली नाही. तरीही स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मैदानाचे काय रूप असते, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. चहाचे कप, वेफर्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या! त्या टाकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला प्लॅस्टिकचे दुष्परिणाम पाठ असतात. विचारले तर तो पाच मुद्दे घडाघडा सांगेल. मग चुकते कोठे?

माझ्या मते चूक सुरुवातीलाच होते. माहितीच्या आधी मनात जी आस्था रुजावी लागते, ती रुजण्याचे वय आपण फुकट घालवतो. हे वय म्हणजे तीन ते आठ वर्षांचे. या वयात मुलाला वाचता येत नाही, 'ओझोन' किंवा 'हरितगृह वायू' यांचा अर्थ कळत नाही, म्हणून पर्यावरण शिकवायला ते फार लहान आहे असे आपण समजतो. प्रस्तुत लेखात याच समजुतीचा विचार करावयाचा आहे.

आज आपण काय करतो?

आजच्या बहुतेक शाळांतून लहान मुलांचे पर्यावरण-शिक्षण तीन प्रकारे होते. एक म्हणजे घोषणा. पाच-सहा वर्षांची मुले हातात फलक घेऊन उन्हातून फेरी काढतात. फलकावर काय लिहिले आहे ते त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसते. दुसरा प्रकार चित्रांचा. पृथ्वीच्या गोळ्याला डोळे काढायचे, त्यांतून अश्रू गाळायचे आणि शेजारी धूर ओकणारा कारखाना काढायचा. तिसरा प्रकार प्रकल्पाचा. 'पर्यावरण वाचवा' या विषयावरचा प्रकल्प थर्माकोलचा ताव, चमकीचा कागद आणि प्लॅस्टिकची फुले दुकानातून आणून तयार होतो, बहुधा आईबापांच्या हातून. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तरी या प्रकल्पांचा मोह अजून सुटलेला नाही.

वृक्षारोपणाची गोष्टही निराळी नाही. पाहुणे येतात, खड्डा तयार असतो, रोप लावले जाते, टाळ्या होतात. पण सुटीत त्या रोपाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत कोठेच नसतो. मूल मात्र हे सारे पाहत असते. रोप लावणे हा समारंभ आहे आणि ते जगवणे हे कोणाचेच काम नाही, असा धडा ते न शिकवता शिकते.

या कार्यक्रमांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. शिक्षकांवर कामांचा किती बोजा असतो हे आपण जाणतो. परंतु लहान मुलाचे मन कसे चालते हे समजून घेतल्याशिवाय केलेली ही धडपड वाया जाते, एवढेच सांगावयाचे आहे.

मुलाचे मन

लहान मुलाला सारे जग सजीव वाटते. चंद्र आपल्या बरोबर चालतो, बाहुलीला भूक लागते, पाटीला लागले तर दुखते, अशी त्याची खरीखुरी समजूत असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांशी बोलून या विचारपद्धतीचा पद्धतशीर अभ्यास केला. मूल मोठे होते तशी ही समजूत हळूहळू मावळते. पण ती असते तोवर दुसऱ्या जीवाचे दुःख समजून घेण्याची मोठीच संधी आपल्या हाती असते.

आपल्याकडच्या आजीबाईंनी पियाजे वाचला नव्हता, पण ही संधी त्या ओळखून होत्या. संध्याकाळी पोर तुळशीला किंवा बेलाला हात लावू लागले की आजी म्हणते, "नको रे बाळा, झाडं झोपली आता." मुलाला हे लगेच पटते. आणि ही नुसती भाबडी समजूतही नाही. चिंच व शिरीष यांची पाने सायंकाळी खरोखरच मिटतात. मुलाला चिंचेखाली नेऊन दाखवले तर आजीच्या वाक्यातून वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा सुरू होतो.

पण त्याच घरात उलटे शिक्षणही चालू असते. मूल धावताना पडले, रडू लागले, की आपण काय करतो? "हात् रे जमीन! आमच्या सोन्याला पाडलंस?" असे म्हणून जमिनीला दोन चापट्या मारतो. मूल हसते, रडे थांबते. आपले काम झाले! परंतु ज्या वयात त्याला जमीन जिवंत वाटते त्या वयात आपण तिच्यावर सूड घ्यायला शिकवले, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

त्याहून मोठे काम 'शी!' हा एक शब्द करतो. पावसाळ्यात अंगणात गांडूळ निघते. मूल उकिडवे बसते, डोळे मोठे करून पाहते, बोट पुढे करते. तेवढ्यात मागून आवाज येतो, "शी! टाक ते!" माती शी, शेण शी, किडा शी, चिखल शी. हात धुवायला शिकवणे आवश्यकच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हात धुण्याआधी पाहू द्यावे, आणि पाहून झाल्यावर धुवावे. जे मूल पाच वर्षांचे होईपर्यंत मातीला 'शी' म्हणायला शिकले, त्याला दहाव्या वर्षी 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' हा निबंध लिहायला लावून काय उपयोग?

भीतीचा धडा नको

हल्ली लहान मुलांपुढे पर्यावरण येते ते संकटाच्या रूपाने. बर्फ वितळतो आहे, वाघ संपत आले, पाणी संपणार, हवा विषारी झाली. यांतल्या बऱ्याच गोष्टी चिंतेच्या आहेतच. मोठ्या माणसांनी त्या जाणून घेतल्याच पाहिजेत. परंतु सहा वर्षांच्या मुलाने हे ऐकून करायचे काय? ज्या संकटावर आपला काहीच उपाय चालत नाही त्याकडे पाठ फिरवणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि मूलही माणूसच आहे.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'बियाँड इकोफोबिया' या पुस्तकात हाच धोका दाखवला. निसर्गाशी ओळख होण्याआधीच निसर्गाच्या नाशाच्या कथा मुलाच्या गळी उतरवल्या तर त्याच्या मनात निसर्गाबद्दल प्रेमाऐवजी भय व दुरावा निर्माण होतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून चौथीच्या आधी ही संकटे मुलांपुढे मांडू नयेत असे ते सुचवतात. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' हा ग्रंथ लिहून साऱ्या जगाला हलवणाऱ्या रेचल कार्सन यांनीही लहान मुलांबद्दल लिहिताना भर दिला तो कुतूहलावर. त्यांच्या 'द सेन्स ऑफ वंडर' या छोट्या पुस्तकात एका लहानग्याबरोबर समुद्रकाठी आणि रानात हिंडणे आहे, नावे घोकणे नाही. ज्या बाईंनी मोठ्यांना धोक्याची घंटा ऐकवली, त्यांनी मुलांच्या कानाशी ती वाजवली नाही. यातले शहाणपण आपण घेतले पाहिजे.

कोसबाडचा प्रयोग

या विचारासाठी परदेशातच पाहिले पाहिजे असे नाही. आपल्या महाराष्ट्रात हे काम सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी प्रत्यक्ष करून दाखवले गेले आहे. ते करणाऱ्या दोन स्त्रिया म्हणजे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२).

ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मादाम माँटेसरी यांची पद्धती त्यांना पटली होती. पण तिची साधने महाग होती. शहरातल्या सुखवस्तू मुलांसाठी ती परवडत. खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ साली त्या मुंबई सोडून आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या व ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी बालवैधव्याचे दुःख मागे टाकून, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेले.

तेथे पहिली अडचण अशी की मुले बालवाडीत येतच ना. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते, कोणी गुरांमागे होते, आणि शाळेची भीती तर सर्वांनाच होती. तेव्हा या दोघींनी ठरवले की मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे. साधने घेऊन शिक्षिका पाड्यावर जात, झाडाखाली किंवा झोपडीपुढे मुले जमवत आणि तेथेच गाणी, गोष्टी, स्वच्छता, खेळ चालत. ही अंगणवाडी! २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या शब्दामागे कोणाचे तरी खरेखुरे अंगण होते, हे आपण विसरून गेलो आहोत. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली. गुरे चरत असतात तेथेच शाळा. अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात आपल्या या कामाची हकीकत सांगितली आहे. बी.एड.ला जाऊ इच्छिणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. महागडी साधने नव्हती म्हणून त्यांनी परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंचीच साधने केली. बिया, पाने, शिंपले, खडे, काटक्या यांवरून मुले मोजणे, लहान-मोठे ओळखणे, रंग व आकार जुळवणे शिकू लागली. वरवर पाहता ही काटकसर वाटते. पण थोडा विचार करा. लाकडी ठोकळे मोजणारे मूल आकडे शिकते आणि थांबते. चिंचोके, गुंजा, सागरगोटे वेगवेगळे करणारे मूल आकडे तर शिकतेच, शिवाय चिंचोका कोणत्या झाडाचा, तो केव्हा पडतो, ते झाड कोठे आहे, हेही त्याच्या डोळ्यांत भरते. मोजण्यासाठी उद्या पुन्हा चिंचोके हवेत, म्हणजे झाड हवे. 'झाडे वाचवा' असे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

दुसरेही एक फळ त्यातून मिळते. ज्या मुलाला आजवर रानटी म्हणून हिणवले गेले, त्याच्या ओळखीच्या वस्तू शाळेत मानाने मांडल्या गेल्या. आपले रान, आपला पाडा यांची लाज वाटायचे कारण नाही, उलट बाईंनाही ते हवे आहे, हे त्या मुलाला कळले असले पाहिजे. ज्याची लाज वाटते त्याचे रक्षण कोणी करत नसते. म्हणून मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो.

काय करता येईल?

कोसबाडचे सूत्र धरून आजच्या बालवाडीत, अंगणवाडीत किंवा घरी करण्याजोगे चार-पाच उपाय सुचवते. एकालाही खर्च नाही.

पहिला उपाय, प्रत्येक मुलाचे एक झाड. जूनमध्ये आंब्याच्या कोयी उकिरड्यावर पडलेल्या असतात. पावसाने त्यांना दोन-तीन आठवड्यांत तांबूस पालवी फुटते. खेड्यातली मुले त्या उपटतात आणि आतला गर घासून पुंगी करतात. ही पुंगी करूच नये असे मी म्हणणार नाही. ती मजा कोणाची हिरावून का घ्यावी? पण दहा कोयींपैकी एक राखावी, फुटक्या मडक्यात किंवा डब्यात लावावी आणि त्या रोपाला मुलाने नाव द्यावे. रोज तांब्याभर पाणी घालणे हे त्याचे काम. सुटीत कोणी घालायचे हे सुटीपूर्वी ठरवावे. रोप वाळले तरी रागावू नये. का वाळले ते दोघांनी मिळून पाहावे व दुसरे लावावे. शंभर झाडांच्या फेरीपेक्षा या एका मडक्यात अधिक शिक्षण आहे.

दुसरा उपाय, लिंबावरची अळी. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पुष्कळदा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक लहान अळी असते. आपण तिला चिरडून टाकतो. ती तशीच राहू दिली आणि मुलांना रोज दाखवली, तर ती मोठी होऊन हिरवी होते, कोश करते आणि सुमारे महिनाभरात त्यातून मोठे देखणे फुलपाखरू निघते. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला ते ब्लू मॉरमॉन, म्हणजेच नीलवंत, याच कुळातले आणि लिंबूवर्गीय झाडांवरच वाढणारे. आम्हा शेतकऱ्यांच्या घरांत अळी म्हणजे वैरी. कपाशीच्या बोंडात शिरणारी अळी आणि ही अळी यांत फरक असतो हेही मुलांना या निमित्ताने सांगावे. ज्या मुलाने 'शी' वाटणाऱ्या जीवाला पंख फुटताना पाहिले, ते पुढच्या वेळी पाय उचलण्याआधी थबकेल.

तिसरा उपाय, पुरलेल्या वस्तू. अंगणाच्या कोपऱ्यात चार लहान खड्डे करावेत. एकात केळीची साल, दुसऱ्यात झाडाचे पान, तिसऱ्यात वर्तमानपत्राचा तुकडा आणि चौथ्यात बिस्किटाच्या पुड्याचा प्लॅस्टिकचा कागद पुरावा. वर खुणेची काठी रोवावी, अधूनमधून पाणी शिंपडावे. दीड-दोन महिन्यांनी मुलांच्याच हातून उकरावे. साल सापडत नाही, पान कुजलेले असते, कागद विरलेला असतो आणि प्लॅस्टिकवरचे अक्षर न् अक्षर वाचता येते. यानंतर भाषण करण्याची गरज उरत नाही.

चौथा उपाय पाण्याचा. शाळेतला एखादा नळ थेंब थेंब गळत असतोच. त्याखाली तांब्या ठेवावा आणि शाळा सुटताना मुलांना दाखवावा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसरात्र मिळून चार लिटरांच्या आसपास पाणी घालवतो; म्हणजे शाळेच्या वेळात तांब्या भरत येतो. ते पाणी मुलांनी आपापल्या रोपाला घालावे. मोठ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त करावा, नाहीतर सारा धडा खोटा ठरेल.

पाचवा उपाय नावांचा. आपल्या मुलांना 'ए फॉर ॲपल' आणि 'झेड फॉर झेब्रा' येते, पण शाळेच्या वाटेवरची पाच झाडे ओळखता येत नाहीत. शेकरू, हरियाल, ताम्हण हे आपल्या राज्याचे प्राणी, पक्षी व फूल. ही नावे किती मुलांनी ऐकली आहेत? गणपतीच्या पत्रीसाठी पूर्वी मुलांनाच पिटाळत. आघाडा कोणता, रुई कोणती, शमी कोणती हे पोरे आपोआप शिकत. आज पत्रीचा वाटा बाजारात मिळतो आणि घेणाऱ्याला त्यातले एक पान ओळखता येत नाही. महिन्याला एक झाड एवढाच नेम ठेवला तरी बालवाडीतून बाहेर पडेपर्यंत मुलाची वीस-पंचवीस झाडांशी ओळख होईल. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते त्याची विचारपूस करावीशी वाटते, हे माणसांना लागू आहे तसे झाडांनाही.

शहरातल्या चाळीत किंवा इमारतीत अंगण नसते, हे खरे. पण खिडकीत मडके बसते, गॅलरीत पाण्याचे वाडगे राहते, मटकी तर कोणाच्याही घरी भिजते. थोडी मटकी ओल्या फडक्यात, थोडी कोरडी, थोडी अंधाऱ्या कपाटात आणि थोडी उजेडात ठेवून मोड पाहणे याला कोणते अंगण लागते?

घरचे ज्ञान

येथे एक गोष्ट स्वतःच्या अनुभवातून सांगावीशी वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शाळेत असताना 'पर्यावरण रक्षणाचे उपाय' या प्रश्नाचे उत्तर मी पाठ केले होते. त्यात 'वस्तूंचा पुनर्वापर करावा' असा एक मुद्दा होता, 'पाण्याची बचत करावी' असाही होता. माझी आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते. तांदळाचे धुवण गाईला घालते. भाजी धुतलेले पाणी दारच्या शेवग्याला जाते. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालते. पण जे मी वहीत लिहीत होते तेच आई रोज करत होती, हे मला कोणीही सांगितले नाही. वहीत शास्त्रज्ञ होते, समित्या होत्या. आईचे नाव कोठेच नव्हते. उलट शेणाने भरलेले हात, मातीने मळलेला गणवेश यांबद्दल वर्गात बोलणीच बसत.

शिकणाऱ्या पहिल्या पिढीतील मुलांच्या बाबतीत हे नेहमी घडते. शाळा नवे ज्ञान देते, पण त्याबरोबर घरचे सारे मागासलेले आहे अशी एक चोरटी समजूतही देते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी भाज्यांची, कडधान्यांची, भाताची गावरान वाणे जपली, बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. १९७४ साली उत्तराखंडात रेणी गावच्या गौरादेवी जंगल तोडणाऱ्यांपुढे बायकांना घेऊन उभ्या राहिल्या, त्याही शिकलेल्या नव्हत्या. अशा बायका गावोगाव आहेत; प्रत्येकीला पदक मिळत नाही एवढेच. बालवाडीच्या बाईंनी महिन्यातून एकदा एखाद्या आईला किंवा आजीला बोलवावे आणि बी कसे राखायचे, गोधडी कशी शिवायची हे मुलांसमोर करून दाखवायला सांगावे. मुलाला विषय कळेल आणि आईचा मान वाढेल.

याचा अर्थ घरचे सारेच चांगले, असा नव्हे. चुलीचा धूर आईच्याच डोळ्यांत व छातीत जातो. ओढ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आपणच टाकतो. त्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी जेवणावळ पत्रावळी-द्रोणांवर होत असे. उष्ट्या पत्रावळी उकिरड्यावर टाकल्या की त्यांचे खत होई. टाकून देणे तेव्हा गैर नव्हते. हाताची सवय तीच राहिली, हातातली वस्तू मात्र बदलली. आता टाकलेली वस्तू कुजतच नाही. आईबापांना हे कोणी समजावून दिलेले नाही. म्हणून येथे शाळेने घराला शिकवले पाहिजे आणि वर सांगितले तेथे घराकडून शिकले पाहिजे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ज्या घरात पिण्याच्या पाण्यासाठी मैलभर चालावे लागते तेथे पर्यावरणाच्या गप्पा कशाला? याला उत्तर सोपे आहे. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या घरातच पाण्याची किंमत मुलाला उपजत कळते. ओढा आटला, झाडोरा गेला, तर पहिला फटका याच घराला बसतो. पर्यावरण ही सुखवस्तू लोकांची हौस आहे हा समज आपण सोडला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नद्या नासवतात त्या कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्याने. डोंगर पोखरतात मोठी माणसे. मग लहान मुलांना कागद कचऱ्याच्या डब्यात टाकायला शिकवून काय साधणार? हा आक्षेप मला पुष्कळसा मान्य आहे. चॉकलेटचा कागद टाकणारे मूल आणि नदीत विषारी पाणी सोडणारा कारखाना यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. मोठ्यांनी केलेली घाण निस्तरण्याची जबाबदारी मुलांवर ढकलणे हे शिक्षण नव्हे. म्हणूनच या वयात मुलांना पृथ्वी वाचवायला सांगू नये. एक रोप, एक वाडगे, एक कोपरा सांभाळायला सांगावे. मात्र ज्याने लहानपणी काही सांभाळले आहे, तोच मोठेपणी सांभाळणे कोणाचे काम आहे असे कारखान्याला आणि सरकारला ठणकावून विचारू शकेल. ज्याचे कशावरच प्रेम जडले नाही, तो कशासाठी भांडेल?

समारोप

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षक होतील, काही अंगणवाडी सेविका होतील. आणि मामा, मावशी, काका, आत्या तर सगळेच होणार. म्हणून हा विषय केवळ बालशिक्षणाच्या तज्ज्ञांचा नाही.

शेवटी एक सूचना करून हा लेख पुरा करते. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. श्रमदान होते, खड्डे खणले जातात, गटचर्चा होते, आणि सात दिवसांनी आपण परत येतो. यंदा त्या गावच्या अंगणवाडीतील मुलांबरोबर दहा मडक्यांत दहा बिया लावाव्यात. आणि पुढे वर्षभर, आळीपाळीने आपल्यापैकी दोघांनी महिन्यातून एकदा बसने तेथे जाऊन त्या रोपांची व त्या मुलांची चौकशी करावी. खर्च एस.टी.च्या तिकिटाचा. दहापैकी तीन रोपे जगली तरी पुष्कळ झाले. लावून गेलेली माणसे पाहायला परत येतात, एवढे जरी त्या मुलांना दिसले तरी पर्यावरणाचा पहिला धडा त्यांना मिळाला, आणि कदाचित आपल्यालाही.